ट्रान्सम असेंब्ली परत बसवायची आहे: गॅस्केट कोरडं ठेवायचं की सीलंट लावायचं? (मर्क्रूझर अल्फा वन)

कप्पी
फायबरग्लासची बोट, ४.३ लिटर व्ही-६, ड्राइव्ह अल्फा वन जेन टू. इंजिन, ड्राइव्ह (बाहेरचं प्रोपेलरचं युनिट) आणि ट्रान्सम असेंब्ली तिन्ही उतरवलेली आहेत. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत; तिच्या कटआउटमध्ये बाहेरून गिंबल हाउसिंग आणि आतून प्लेट, अशी असेंब्ली आवळलेली असते. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी येत होतं म्हणून उघडलं. बाहेरच्या गिंबल हाउसिंगच्या खाचेतलं रबरी सील चपटं आणि कडक झालंय. कटआउटच्या कडेला प्लायवुड उघडं दिसतंय, खालच्या बाजूला रंग काळपट आहे.

प्रश्न तीन. नवीन सीलसोबत पॉलियुरेथेन सीलंट लावायचं का? उघड्या लाकडाचं काय करायचं? आणि इंजिन आत गेल्यावर ज्या गोष्टींना हात लागत नाही, त्या आत्ताच कोणत्या करून घ्यायच्या?

तांडेल
सीलंट हा शेवटचा प्रश्न आहे, त्याच्या आधी मोजमाप करा. हे रबरी सील दाबलं गेलं तरच पाणी अडवतं, आणि ते सगळीकडे सारखं दाबलं जायला ट्रान्समच्या आतबाहेरच्या बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर हव्यात. जाडी ५१ ते ५७ मिमी. कटआउटभोवती या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक ३ मिमीच्या आत.

जाडी कडेला मोजू नका, कड बहुतेक वेळा तासलेली किंवा फुगलेली असते. पातळ तारेचं टोक काटकोनात वाकवा, बोल्टच्या भोकातून आतून बाहेर घाला, बाहेरच्या पृष्ठभागावर अडकवून ओढा आणि आतल्या पृष्ठभागाशी तारेवर खूण करा. आठही भोकांपाशी हेच करून आकडे इथे टाका. बाहेरून सरळ धारेची पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून फीलर गेज फिरवा. जुन्या सीलंटचा पापुद्रा, जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत थराचा) उंचवटा, रंगाची गाठ, यातलं काहीही असेल तर आधी काढा.

राळवाला
काळपट प्लायवुड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आतल्या बाजूने, कटआउटच्या खाली आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यांत ४ मिमीच्या बिटने भोकं पाडा. बाहेरच्या कातडीपर्यंत जायचं नाही, बिटवर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर ठीक. तपकिरी, ओला, बोटाने चोळल्यावर लगदा होणारा निघाला तर गाभा कुजलाय. कुजका भाग काढून नवीन गाभा भरावा लागेल, ते वेगळंच काम आहे, त्यावर सील बसवून उपयोग नाही. नट आवळताना ते फिरतच राहतात, टॉर्क चढत नाही, आणि आतली प्लेट हळूहळू फायबरमध्ये रुतत जाते.

लाकूड घट्ट पण दमट असेल तर आधी वाळवा. हीट गन नको, वरचा थर सुकतो आणि ओल आत कोंडते. हवा खेळती ठेवा, सौम्य उष्णता द्या, ओलावा मोजायचं यंत्र असेल तर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग कटआउटच्या कडेला पातळ इपॉक्सी ब्रशने लावा. प्लायच्या आडव्या धाग्यांची टोकं राळ पिऊन टाकतात, म्हणून पहिला हात दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी परत बघायचं, कोरडी पडलेली जागा परत भिजवायची. पिणं थांबेपर्यंत. एकूण तीन हात तरी लागतील. मधला हात पूर्ण कडक झाला असेल तर त्यावर मेणासारखा थर येतो, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. आधी पेपर मारलात तर तो थर आत चोळला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

कप्पी
मोजलं. भुसा खाली दोन्हीकडे फिकट आणि कोरडा आला, काळपटपणा कडेच्या पहिल्या ४-५ मिमीपुरता आहे. जाडी: वरची दोन भोकं ५६, मधली ५५ आणि ५४, खालची डावीकडे ५२, उजवीकडे ५०. बाहेरची बाजू पट्टीला जवळजवळ सपाट, एका ठिकाणी अर्धा मिमी फट.

तांडेल
म्हणजे वर-खाली ६ मिमीचा फरक, आणि उजवा खालचा कोपरा किमान मापाच्याही खाली. पाणी नेमकं तिथूनच येत असणार. खाली सील पुरेसं दाबलंच जात नव्हतं.

अजून एक, जे लोक विसरतात. आतल्या प्लेटवर इंजिनाचे मागचे दोन सपोर्ट आहेत. प्लेट वाकडी बसली की इंजिनाची मागची बाजू वाकडी बसते, आणि मग पुढच्या माउंटवर कितीही खेळ केला तरी अलाइनमेंट (इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट एका रेषेत येणं) सापडत नाही. गळती आणि गिंबल बेअरिंगचा (ड्राइव्हचा शाफ्ट ज्यातून इंजिनाकडे जातो त्याचा) आवाज असे दोन वेगळे रोग वाटतात, मूळ एकच असतं.

राळवाला
बाहेरची बाजू सपाट आहे ना, तिला हात लावू नका. भर आतून घालायची.

आतला रंग आणि जेलकोट खरवडून ग्लास उघडं करा, ८० नंबरचा पेपर, मग सॉल्व्हंटने पुसा. खालच्या बाजूला ग्लास कापडाचे थर इपॉक्सीत द्या, पायऱ्या-पायऱ्यांनी, खाली जास्त आणि वर चढताना कमी. सहाच्या सहा मिमी नुसत्या पुटीने भरू नका, ती ठिसूळ असते. थरांनी चार-साडेचार मिमी भरून काढा, उरलेलं घट्ट इपॉक्सीने. घट्ट करायला कोलॉइडल सिलिका किंवा जास्त घनतेचा स्ट्रक्चरल फिलर घ्या. मायक्रोबलूनसारखा हलका फिलर इथे चालत नाही, तो दाबाखाली चुरतो.

शेवटच्या थरासाठी आतली प्लेटच साचा म्हणून वापरा. प्लेटच्या मागच्या बाजूला पॅकिंग टेप चिकटवा, बोल्टला मेण लावा. घट्ट इपॉक्सीचा थर द्या, प्लेट ठेवा, नट हाताने फिरवत चारही कोपऱ्यांत तारेने मोजत जा, सगळीकडे सारखं आलं की थांबा. पाना लावायचा नाही, नाहीतर इपॉक्सी बाहेर येईल आणि वाकडेपणा परत मिळेल. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर २४ तासांनी प्लेट निघेल. पूर्ण ताकद यायला आठवडा धरा, टॉर्क त्यानंतरच.

बोल्टची भोकं पण करून घ्या. बोल्टच्या दीडपट मोठी करा, आतून टेप लावा, घट्ट इपॉक्सीने भरा, मग मूळ मापाने परत पाडा. एका दमात सगळी भोकं भरू नका, मोठ्या गोळ्यात इपॉक्सी तापतं आणि फेसाळतं. परत पाडताना गिंबल हाउसिंग जिग (भोकांच्या जागा दाखवणारा साचा) म्हणून वापरा. नुसत्या नजरेने पाडलं तर आठपैकी एखादं तरी हटकून सरकतं.

नांगरगडी
एवढं केल्यावर सील कोरडं कशाला ठेवायचं? हाउसिंगभोवती पॉलियुरेथेनची एक सलग ओळ मारायची, विषय संपला. बोट पाण्यातच राहणार असेल तर दुहेरी संरक्षण कुणाला नको असतं?

तांडेल
इथे मी अडून बसणार. ओल्या सीलंटवर रबर घसरतं. आवळताना ते खाचेतून बाजूला सरकतं आणि एका ठिकाणी दुमडतं, वरून मात्र सीलंट छान बाहेर आलेलं दिसतं, म्हणून कुणाला कळतही नाही. दुसरं, कायमस्वरूपी पॉलियुरेथेन असेल तर पुढच्या वेळी हाउसिंग काढताना जेलकोटचे तुकडे सोबत येतात, आणि तोच खड्डा पुढच्या गळतीचं कारण होतो. मर्क्रूझरच्या जोडणीत हे सील कोरडंच बसतं.

सील खाचेत राहावं म्हणून हाउसिंगच्या बाजूने चार-पाच ठिकाणी रबराच्या कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हचा ठिपका पुरतो. ट्रान्समच्या बाजूला काही नाही.

सुकाणू
तांडेलशी सहमत, एक अपवाद सोडून. बोल्टच्या दांड्याभोवती आणि डोक्याखाली सीलंट हवंच. तिथे काढता येण्यासारखं पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड चालेल. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते ॲसिड सोडतं आणि ॲल्युमिनियम खातं. शिवाय त्याचा अंश राहिला तर पुढे ना रंग धरतो ना इपॉक्सी. ब्युटिल टेपही इथे नको, पेट्रोल आणि तेल लागलं की ती विरघळते.

नांगरगडी, तुम्हाला बाहेरून ओळ मारायचीच असेल तर सगळं टॉर्क झाल्यावर, फक्त वरच्या आणि बाजूच्या कडेला मारा. खाली मोकळं सोडा, म्हणजे आत पाणी शिरलंच तर बाहेर दिसेल.

नांगरगडी
खाली मोकळं सोडायचा मुद्दा पटला. बाकी मी अजूनही काढता येण्यासारख्या सीलंटचा पातळ हात देईनच, पण सील बसवून, आवळून झाल्यावर.

सुकाणू
तेवढ्याने बिघडत नाही.

गिंबल हाउसिंगचंही बघा. सीलच्या खाचेत आणि खालच्या कडेला रंग फुगलेला असेल तर त्याखाली पांढरी पूड आणि खड्डे असतात. खड्डा सीलच्या बैठकीत असेल तर कितीही नवीन रबर लावा, पाणी खालून वाट काढतं. धातू उघडा करा, खड्डा इपॉक्सीने भरून सपाट घासा, ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर द्या, मग रंग. तांबं असलेला अँटिफाउलिंग रंग ड्राइव्हच्या ॲल्युमिनियमवर कधीही नाही. ॲनोडवर (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर) कुठलाच रंग नाही. ॲनोड खाऱ्या पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे.

तांडेल
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. इंजिन बाहेर असताना करून घ्यायच्या गोष्टी:

स्टिअरिंगच्या उभ्या शाफ्टचं वरचं सील आणि बुश. इंजिन आत असताना तिथे पोचता येत नाही, म्हणून लोक हाउसिंगला भोक पाडून काम भागवतात. शाफ्टला हाताने खेळ लागत असेल तर आत्ताच बदला. ही गळती फसवी असते, कारण पाणी वरून, टिलरच्या (शाफ्ट फिरवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांडीच्या) बाजूने येतं आणि प्लेटवरून ओघळत खाली जातं. बघणाऱ्याला ट्रान्सम सीलच गळतंय असं वाटतं.

एक्झॉस्टचा वाय-पाइप. तो गिंबल हाउसिंगला बोल्टने बसतो आणि मध्ये रबरी सील असतं. दोन्ही पृष्ठभाग ब्रशने साफ, सील नवीन, बोल्ट आळीपाळीने २७ ते ३४ न्यूटन-मीटर. एका बाजूचे आधी पूर्ण आवळले की सील चिमटलं जातं.

पाण्याच्या नळीचं फिटिंग, ट्रिम सेन्सरच्या तारांचा ग्रोमेट, हायड्रॉलिक नळ्यांच्या जोडण्या. सगळ्या नळ्या बोटाने दाबून बघा, भेग दिसली की बदला.

गिंबल बेअरिंग. बेअरिंग, त्याचं कॅरिअर आणि बाहेरचं टॉलरन्स रिंग हा एकच संच असतो, तुकड्या-तुकड्यांत बदलू नका. ग्रीसच्या निपलचं मॉडेल असेल तर टॉलरन्स रिंगची फट आणि ग्रीसचं भोक जुळवा, नाहीतर ग्रीस बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. हातोडीने ठोकून बसवायचं नाही, ड्रायव्हर टूलने सरळ दाबायचं. तिरकं गेलं की कॅरिअरला ओरखडा पडतो.

वल्हं
बेलोजबद्दल (घड्यांच्या रबरी नळ्यांबद्दल) कुणी लिहिलं नाही. यू-जॉइंट बेलोज, एक्झॉस्ट बेलोज, शिफ्ट केबलचा बेलोज, तिन्ही एकदमच बदला, कारण बेल हाउसिंग (ज्याला ड्राइव्ह बसतो तो भाग) सुटलेलंच आहे. ज्या टोकाला ॲडेसिव्ह लागतं तिथे बैठक आणि रबर दोन्ही साफ करून पातळ हात द्या, बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतपत वाळू द्या, साधारण दहा मिनिटं, मग बसवा. कोणत्या टोकाला ॲडेसिव्ह आणि कोणत्या टोकाला कोरडं, हे मॉडेलवर ठरतं, मॅन्युअल बघा. क्लॅम्प ४ न्यूटन-मीटर. त्यापुढे आवळलं तर पट्टी रबर कापते. क्लॅम्पखाली जी छोटी धातूची ग्राउंडिंग क्लिप असते ती विसरू नका, तिच्याशिवाय क्लॅम्प गंजून तुटतो.

सगळं जोडल्यावर ड्राइव्ह हाताने डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून, वर-खाली करून बघा. बेलोजची घडी कुठे घासत असेल तर ती आत्ताच दिसते.

कप्पी
आता प्लेट आणि हाउसिंग आवळायचा क्रम?

तांडेल
दोन माणसं. बाहेरचा माणूस हाउसिंग सरळ धरून ठेवतो आणि सील खाचेत आहे का ते टॉर्चने भोवती बघतो, आतला प्लेट ठेवून नट हाताने लावतो. मग मधल्या नटांपासून सुरुवात, तिथून बाहेरच्यांकडे, समोरासमोर. पहिली फेरी १० न्यूटन-मीटर, दुसरी २०, शेवटची २७ ते ३४. प्रत्येक फेरीनंतर बाहेरून कडेची फट बघायची, ती सगळीकडे सारखी मिटत यायला हवी. एखाद्या ठिकाणी मिटत नसेल तर त्या नटावर जोर करू नका, सगळे सैल करा आणि कारण शोधा.

एक नट फिरतच राहिला आणि टॉर्क चढत नसेल तर थांबा. गाभा दबतोय.

सुकाणू
इंजिन खाली सोडताना: मागच्या सपोर्टवर मोठा फायबर वॉशर आणि त्याच्या आत दुहेरी वेढ्याचा लॉक वॉशर. हे एकमेकांवर नाही, एकात एक बसतात. एक्झॉस्टच्या होज आणि त्यांचे क्लॅम्प आधीच पाइपवर सरकवून ठेवा, नंतर जागा मिळत नाही. मागचे बोल्ट लागेपर्यंत इंजिनाचं वजन चेन ब्लॉकवरच. नट नवीन, नायलॉनचं कडं असलेले लॉकनट, ४७ ते ५४ न्यूटन-मीटर.

मग अलाइनमेंट, ड्राइव्ह लावायच्या आधी. अलाइनमेंट बारच्या टोकाला पातळ ग्रीस लावून बेअरिंगमधून कपलरमध्ये (इंजिनामागच्या जोडणीत) सरकवा. बेअरिंग स्वतः थोडं हलतं, म्हणून बार घालून चहूबाजूंनी हलकं ठोकून ते आधी सरळ करा. बार दोन बोटांनी आत-बाहेर जायला हवा. बाहेर काढून ग्रीसवर स्प्लाइनचे (कपलरमधल्या उभ्या दात्यांचे) ठसे बघा. सगळीकडे सारखे हवेत. वर खोल आणि खाली पुसट, किंवा उलट, असेल तर पुढचे माउंट वर-खाली करा, दोन्ही बाजू सारख्याच फिरवायच्या, अर्धा-अर्धा आटा. ठसा डाव्या-उजव्या बाजूला असमान असेल तर आधी पुढच्या माउंटची बाजूची जागा तपासा. ती बरोबर असेल तर दोष मागे आहे, प्लेट परत बघा. बार ठीक बसला की इंजिन हाताने पाव फेरी फिरवून परत तपासा, असं चार वेळा. शेवटी लॉकनट आवळून पुन्हा एकदा, कारण लॉकनट आवळताना माउंट हलतो.

गोमुख
व्होल्व्हो पेंटावाल्यांनी वरचे आकडे वापरू नयेत. जुन्या २७०, २८०, २९० मध्ये इंजिनाचं फ्लायव्हील हाउसिंग ट्रान्सम शील्डमध्ये क्लॅम्प रिंगने, मध्ये रबर ठेवून धरलेलं असतं. तिथे ते रबर हाच मागचा माउंट. ते दबून गेलं की सगळं इंजिन खाली झुकतं. सपाट आणि समांतर पृष्ठभागाचा नियम मात्र तिथेही तोच.

वल्हं
ड्राइव्ह चढवताना: अल्फामध्ये कंट्रोल आणि ड्राइव्ह दोन्ही फॉरवर्ड गिअरमध्ये, ब्राव्होमध्ये (मर्क्रूझरचाच दुसरा ड्राइव्ह) ड्राइव्ह न्यूट्रलमध्ये. यू-जॉइंट शाफ्टचे ओ-रिंग नवीन, ग्रीस लावलेले, पाण्याच्या वाटेचं सील नवीन, गॅस्केट नवीन. स्प्लाइनला कपलरचं ग्रीस. नट ६८ न्यूटन-मीटर, समोरासमोर. ड्राइव्ह शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला अडला तर नटांनी ओढून घेऊ नका. प्रोपेलर हाताने किंचित फिरवा, स्प्लाइन जुळले की तो स्वतःच आत जातो.

नांगरगडी
आणि ड्राइव्हशिवाय बोट पाण्यात ढकलू नका. यू-जॉइंट बेलोजचं मागचं तोंड उघडं असतं, पाणी बेअरिंगमधून थेट बिल्जमध्ये.

कप्पी
गळती परत आली तर कुठली हे कसं ओळखायचं?

सुकाणू
आधी जमिनीवर. पाण्याचे मफ (ड्राइव्हला नळाचं पाणी पुरवणारे रबरी कप) लावून इंजिन चालवा. बोट कोरड्या जागी असतानाही आत पाणी आलं तर दोष इंजिनाच्या पाण्याच्या किंवा एक्झॉस्टच्या बाजूचा आहे.

जमिनीवर कोरडं, पाण्यात ओलं, असं असेल तर ट्रेलरवर बांधलेल्या अवस्थेतच बोट पाण्यात उतरवा, इंजिन बंद. आधी प्लेटच्या खाली आणि दोन्ही बाजूंना खडूची पूड किंवा टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावून ठेवा. अर्ध्या तासात कुठली पट्टी आधी भिजली ते बघा. प्लेटच्या खालच्या कडेची भिजली तर ट्रान्सम सील. बेअरिंगच्या तोंडातून ओघळ आला तर यू-जॉइंट बेलोज. केबलच्या भोवती आला तर शिफ्ट बेलोज. वरून, टिलरच्या मागून आला तर स्टिअरिंग शाफ्ट. इंजिन बंद असताना सगळं कोरडं आणि वेगात गेल्यावरच पाणी, असं असेल तर वाय-पाइपचं सील आणि पाण्याच्या नळ्या आधी.

तांडेल
पाण्यात पहिले काही तास चालवून झाल्यावर ट्रान्सम प्लेटचे नट परत तपासा, नवीन रबर थोडं बसतं. फक्त २७ ते ३४ च्या आत आहेत का ते बघायचं, वर चढवायचं नाही. अलाइनमेंट वर्षातून एकदा किंवा १०० तासांनी, जे आधी येईल ते. त्या वेळी ड्राइव्ह काढलेलाच असतो, तेव्हा बेलोजच्या आत बोट फिरवून बघा, ओल लागली तर बेलोज बदलल्याशिवाय ड्राइव्ह परत लावू नका.

कप्पी
ग्लासचे थर आधी, मग प्लेटचा साचा. मोजमाप झालं की आकडे टाकतो. राळवाला, थर देताना वरच्या कडेची पायरी किती रुंद ठेवू?

राळवाला
प्रत्येक थर आधीच्यापेक्षा २५ मिमी मागे. पहिला सगळ्यात मोठा, शेवटचा सगळ्यात लहान. वरची कड पेपर मारून मिटवून टाका, पट्टी ठेवल्यावर पायरी जाणवता कामा नये.